तड्याचं वय

"फोड्याच्या हातात देऊ नका हो बाई!" ताई ओरडली. "एकदा फोडलाय त्याने, तेवढं पुरे."

"बघतोय फक्त. खाणार आहे का मी तो?"

"आठ वर्षांचा होतास तेव्हाही बघतच होतास."

झालं. त्याचं डोकं तापलं. दुकानात पाऊल ठेवून पाच मिनिटं झाली नव्हती, आणि ताईने चोवीस वर्षांपूर्वीचं मढं उकरून काढलं. तेही परक्या माणसासमोर.

दागिने दुरुस्त करणाऱ्या बाईंनी ब्रोच गपचूप स्वतःकडे ओढून घेतला. शंखावर कोरलेला एका बाईचा चेहरा, भोवती सोन्याची चौकट. कॅमिओ म्हणतात त्याला. आईला तो तिच्या आजीकडून आला होता, आणि आता ती तो ताईच्या मुलीला देणार होती. पण चेहऱ्यावर केसांपासून हनुवटीपर्यंत तडा गेलेला. तो वाढेल की काय, एवढंच विचारायला बहीणभाऊ आले होते.

तो तडा म्हणजे त्याचं नाव. घरात त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारतच नव्हतं. फोड्या. कपबशी फुटली, फोड्या. शेजाऱ्यांकडे काच फुटली तरी पहिली नजर याच्याकडे. त्याला मुलगी झाली, तेव्हा आईने बाळ त्याच्या हातात दिलं आणि खाली उशी धरून उभी राहिली. सगळे पोट धरून हसले. तोही हसला. मग जिन्यात जाऊन त्याने भिंतीला एक लाथ घातली.

आणि खरं सांगायचं तर त्याला नीट काही आठवतही नव्हतं. कपाट उघडं, ब्रोच फरशीवर, शेजारी तो, आणि दारात आई. बस्स. आधी तो 'मी नाही, मी नाही' म्हणून जिवाच्या आकांताने भांडला होता. पण चोवीस वर्षं एकच गोष्ट कानावर आदळत राहिली की माणूस दमतो. हल्ली त्यालाही वाटायचं, पडला असेल आपल्याच हातून.

बाईंनी डोळ्याला भिंग लावलं.

"प्लास्टिकचा नाही ना?" ताईने विचारलं.

"गालाला लावून बघा. गार लागतोय ना? प्लास्टिक असं लागत नाही. आणि केसांत बघा, हत्याराचे बारीक ओरखडे आहेत. साच्यातून काढलेल्यावर असे नसतात." त्यांनी ब्रोच दिव्यासमोर धरला. चेहऱ्यामागचा तपकिरी भाग मधासारखा उजळला. त्यात ती काळी रेघ. "साफ कशाने करता?"

"मी करते. साबणाच्या पाण्यात भिजत घालून." ताईने ऐटीत सांगितलं.

"आता नका घालू. शंख आहे, ताट नाही. वर्षातून एकदोनदा मऊ ब्रशने तेलाचा थेंब लावायचा आणि पुसून घ्यायचा. सुकला की तडकतो हा."

"ऐक," तो म्हणाला. ताईने त्याला कोपर मारलं.

बाईंनी चौकटीची कड हळूहळू उचलली. लाकडाच्या काडीने शंख वर ढकलला. तो अलगद सुटून त्यांच्या तळहातावर आला. रिकामी चौकट त्यांनी दिव्याखाली फिरवून बघितली. मग त्यांनी भिंग काढून त्याच्या हातात दिलं. ताईच्या नाही, त्याच्या.

"काय दिसतंय?"

"पट्टी आहे एक," तो म्हणाला. "सोन्याची. बारीक. आडवी." मग तो थांबला. "बरोबर तड्याच्या खाली येतेय."

"ती आच देऊन जोडलीय. शंख आत असताना आच दिली तर शंख जळून जाईल. म्हणजे आधी पट्टी लागली, मग शंख बसला. ज्याने चौकट घडवली त्याला तडा माहीत होता. त्यानेच मागून टेकू दिलाय."

"चौकट कधीची आहे?"

"घडण बघता शंभर वर्षांची तरी. तुमची आई जन्मायच्या आधीची."

तो मागच्या स्टुलावर बसला. शंभर वर्षं! फोड्या जन्माला यायच्या कितीतरी आधी फुटून बसलेला होता तो शंख. त्याला हसू यायला लागलं. आता ताईला काय काय ऐकवायचं त्याची यादी त्याने मनात मांडायलाही घेतली. एकेक शेलका शब्द.

"पण आधी तर दिसत नव्हता तडा," ताई म्हणाली. "आम्ही रोज बघायचो ना. रेघच नव्हती."

"मेण भरलं होतं त्यात. हे बघा, खालच्या टोकाला अजून आहे थोडं. खाली आपटल्यावर वरचं उडालं असणार. शंखाला काही झालेलं नाही. मी परत भरून देते, अजून शंभर वर्षं जाईल."

ताईने काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि तोंडावर मात्र हसू. असं हसताना त्याने तिला कधी बघितलं नव्हतं.

"म्हणजे माझ्या हातून," ती म्हणाली, "नुसतं मेणच उडालं?"

ताईने तोंडावर हात दाबला, पण शब्द कधीच बाहेर पडले होते. तो उठला. सगळी यादी डोक्यातून गेली होती, आणि रागही येत नव्हता, त्याचंच त्याला नवल वाटलं.

"आईला सांगतो, कुणीच नाही फोडला म्हणून," तो म्हणाला. "तू ये मागून सावकाश. मला आता निघायला हवं."