दोन वेढे

बैलांच्या कासऱ्याचे दोन वेढे वैजूने मनगटावर आवळले, तसे तिचे वडील अण्णा कडेची गर्दी सोडून शर्यतीच्या छकड्यापाशी धावत आले. सदऱ्याची उजवी बाही रिकामीच हलत होती.

"सोडव ते. नुसतं मुठीत धर."

"तुमी कुठं सोडला हुता, अण्णा?"

वीस वर्षांपूर्वी याच मैदानात बैलांनी अण्णांना फरपटत नेलं होतं. मनगटाचा कासरा सुटला नाही. हात गेला, पण गाडी पहिली आली. गाव अजून ते कौतुकाने सांगायचं.

अण्णांनी डाव्या हाताने आणि दातांनी दोन्ही वेढे सोडवले.

झेंडा पडला. अर्ध्या वाटेत चाक दगडावरून उडालं, वैजू मातीत आपटली आणि कासरा मुठीतून सर्रकन निघून गेला. बैल एकटेच पहिले आले. हाकणारा नाही म्हणून पंचांनी गाडी बाद केली.

वैजूला मान वर करायचा धीर होईना. धापा टाकत आलेल्या अण्णांनी तिचे तळवे एकेक करून उलटसुलट पाहिले.

"दोन्ही हायत," म्हणाले आणि तिथेच मातीत मटकन बसले.