सेकंदाचा आठवा भाग

"सेकंदाचा आठवा भाग?" बाबा ओरडले. "अगं, मी सव्वाशेवा लावलाय! तुझं यंत्रच बिघडलंय."

टॉर्च, प्रकाश टिपणारा सेन्सर आणि इअरफोनची वायर जोडून ते यंत्र मी घरीच केलं होतं. बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याचं शटर नेमकं किती वेळ उघडं राहतं, ते लॅपटॉपवर दिसत होतं. माझा कॅमेरा लावला तर आकडा बरोबर यायचा. बाबांनी स्वतः पुन्हा पुन्हा बटण दाबलं. आठवा भाग तो आठवाच राहिला.

"म्हणूनच जास्त उजेड जाऊन याच्या निगेटिव्ह पहिल्यापासून काळ्या यायच्या!" त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. "मी आपला केमिकलला दोष देत राहिलो."

केमिकलला आणि आईला. कॅमेरा स्टँडवर असायचा. मागची भिंत स्वच्छ यायची, शटर उघडं असेपर्यंत जराशी हललेली आई मात्र पुसट. "हसलीस की हलतेस," असं बाबा दरवेळी खेकसायचे. मग ती ओठ मिटून, श्वास रोखून उभी राहायला लागली. आमच्या अल्बममध्ये आई कुठेच हसत नाही.

मटार सोलणाऱ्या आईचे हात थांबले होते.

"अहो," ती म्हणाली, "म्हणजे मला हसता आलं असतं?"