चालून दाखव

"जरा चालून दाखव वं, पोरी," गोपाळराव म्हणाले आणि उत्तराच्या आईने, मनकर्णाबाईंनी, पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली.

घातलं वाटतं कोणीतरी मौद्याच्या पाहुण्यांच्या कानावर! सायकलवरून पडून उत्तराची नडगी मोडली होती. प्लास्टर निघालं तरी हाड काही जुळेना. आज पोरगी लंगडली की स्थळ गेलंच. आणि स्थळ उत्तराला भलतंच आवडलं होतं. विश्वनाथ, शाळेत मास्तर, गोपाळरावांचा एकुलता एक. हसला की डोळे मिटायचे त्याचे. पोह्यांत मीठ नव्हतं, तरी बिचाऱ्याने मागून खाल्ले.

दवाखान्यात नवीनच मशीन आलं होतं. पायाला गार मलम चोपडायचं आणि त्यावर मशीनची मूठ टेकवून गप बसायचं. त्यातून म्हणे आवाज निघतो, कानाला कळत नाही, पण हाडाला कळतो. "ऐकूच येत नाही तं आवाज कायचा?" मनकर्णाबाई डॉक्टरांशी भांडल्या होत्या. उत्तरा मात्र नेमाने जाऊन बसायची. आणि जुळलं हो हाड! कालच डॉक्टर म्हणाले, फेक ती काठी. पण काठीविना चारचौघांत चालायची ही पहिलीच वेळ.

उत्तरा उठली. देवाचं नाव घेतलं आणि निघाली. दारापर्यंत गेली, परत आली. पाय सरळ! तिला हसूच आवरेना. अंगणात गेली, परत आली, एक गिरकी घेतली, पुन्हा दारापर्यंत गेली.

"बस कर वं माय, पाय आहे का पंखा!" मनकर्णाबाई ओरडल्या.

"पसंत आहे!" गोपाळरावांनी मांडीवर थाप मारली.

विश्वनाथकडे बोट दाखवत उत्तरा आनंदाच्या भरात बोलून गेली, "आता यायले चालू द्या."

मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"पोराले काहून चालाले लावतं?" गोपाळराव गडबडले. "रीत आहे का अशी?"

विश्वनाथचे कान लाल झाले. मग त्याचे डोळे मिटले. हसत होता तो. त्याने पाठीमागच्या लोडाआडून काठी ओढून काढली.

"मोटारसायकलवरून पडलो," तो म्हणाला. "लई महिने झाले, हाड जुळूनच नाही राहिलं. म्हणून तं तुम्ही बाहेर यायच्या आधीच मी येऊन बसलो."

गोपाळराव छताकडे पाहू लागले. मनकर्णाबाईंनी पदर खोचला, तोंड उघडलं. पण उत्तरा त्यांच्या आधीच पुढे झाली होती. विश्वनाथच्या एका हातात काठी होती. दुसरा तिने सगळ्यांदेखत धरला.

"उठा गा लवकर! मशीन सहाले बंद होते."