बोटांची साक्ष

विडी कामगारांची पेन्शन आता हाडं वाचून ठरायची. यंत्रात हात घातला, की त्या बोटांनी आयुष्यभर किती कमावलं ते कळायचं. पेन्शन कचेरीत कलावतीला बाकावर बसवत नव्हतं. घरात विडी कामगाराचं कार्ड एकच, तिच्या नावाचं. विड्या मात्र तीस वर्षं वळल्या धाकट्या जावेनं, नागूबाईनं. तीही पिशवी सांभाळत दाराशी उभी होती.

कलावतीचा हात वाचून यंत्र थांबलं. साहेब म्हणाले, "मावशी, तुमची दोनच वर्षं भरतात. कार्डावरची बाकीची कमाई कुणाची? नाव सांगा, पेन्शन त्यांना मिळेल. नाहीतर कुणालाच नाही."

कलावती घुटमळली. मग तरातरा दाराशी गेली आणि जावेच्या हातातली पिशवी ओढून खेकसली, "अगं मेले, आत जा, हात दाखव. पिशवी मी धरते."