पाळण्याची कडी

‘‘अवो, त्या कडीले नका टांगू,’’ कस्तुराबाई म्हणाली. ‘‘ते पाळन्याची हाये.’’

तिचा नवरा जगदेव शिडीवर उभा होता. हातात अकोल्याहून आणलेला टांगता दिवा. पितळेची साखळी, पोटात रॉकेल, वर पांढऱ्या काचेची छत्री. सगळ्या रिठद गावात असा दिवा कोणाकडे नव्हता. कस्तुराबाईनं खालून शिडी धरली होती, आणि दाराशी त्याची आई सोजरबाई तूर पाखडत होती.

माजघराच्या तुळईला ती एकच कडी. तिला टांगलेल्या पाळण्यात जगदेव निजला, त्याचा बाप निजला. तिला दुसरं काही टांगायची त्या घराची रीत नव्हती, शिंकंसुद्धा नाही. पाळणा नसेल तेव्हा कडी रिकामी ठेवायची आणि दर पाडव्याला तिला तेलाचं बोट लावायचं. कस्तुराबाई अकरा वर्षं बोट लावत होती. कडी गंजली नाही, एवढंच काय ते पुण्य पदरी पडलं.

उद्या केनवडचे पाहुणे घर पाहायला यायचे होते. सोजरबाईनं लेकासाठी दुसरी बायको हेरली होती. जगदेव हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही, मूग गिळून बसला. कस्तुराबाईला वाटलं, दिवा पाहुण्यांना दाखवायलाच आणलाय. तेही तिनं सोसलं असतं. सवत आली की आपली जागा चुलीपुढून गोठ्यात जाणार, हे तिनं मनाशी धरलंच होतं. पण त्या कडीवर दिवा? म्हणजे आपल्या पोटी काही येईल ही आशा याच्या लेखी मेलीच.

तिनं करायचं काय ठेवलं होतं? सोमवार धरले, मीठ सोडलं. दर रामनवमीला पोहरादेवीला अनवाणी चालत जायची, वाटेत दोन मुक्काम करून. सात वर्षांत एक खेप चुकवली नाही. जगदेव शेजारून दमणी हाकायचा, बैलं आवरत, तिच्या चालीनं. गावातल्या बाया म्हणायच्या, नवरा मिळावा तर असा. सासूच्या तोंडाला मात्र हाड नव्हतं. कोणाची ओटी भरायची वेळ आली की ती सुनेला सगळ्यांदेखत बाजूला उभं करायची.

आता सूप खाली ठेवलं ते सोजरबाईनंच.

‘‘जगदेवा, काय करून राह्यला तू? येनारीचा पाळना कोठी टांगशीन?’’

‘‘तिचाबी हालनार नाई, माय.’’ साखळी कडीत अडकवून जगदेव खाली उतरला. ‘‘केनवडले निरोप धाडला म्या, येऊ नोका म्हून. खोट हिच्यात नाई. माह्यात हाये. अकोल्याच्या डाक्तरानं तपासून सांगतलं. मले लेकरू होनार नाई.’’

कस्तुराबाईच्या डोक्यावरचं अकरा वर्षांचं ओझं एकाएकी उतरलं. हा माणूस आईसमोर, स्वतःच्या तोंडानं हे बोलला. गावात दुसरा कोण बोलला असता? तिचे डोळे भरून आले. त्याच्या पाया पडावं म्हणून ती वाकलीसुद्धा. वाकता वाकता तिनं सहज विचारलं,

‘‘कदी गेल्ते तुमी डाक्तराकडं?’’

जगदेवनं मान वर केली नाही.

‘‘आठ वर्सं झाली. कापूस घेऊन गेलतो, तवा.’’

कस्तुराबाई वाकली होती तशीच राहिली. आठ. आणि पोहरादेवीची पहिली खेप त्यानंतरची. त्या खेपेला तिची टाच फुटली होती. यानंच दमणीतून उतरून टाचेत हळद भरली होती, आणि म्हणाला होता, ‘थोडंच राह्यलं, चाल.’ पुढं केलेले हात तिनं मागं घेतले.

बोलली ती सासू. सोजरबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. भिंत धरून ती उठली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सुनेच्या बाजूला येऊन उभी राहिली.

‘‘म्या हिले रोज वांझ म्हनलं,’’ ती लेकाला म्हणाली, ‘‘तवा तू घरातच होता.’’