शिकागोचा धडा

राजश्रीताईंनी बावीस वर्षं खपून महाराजपुरात उभी केलेली शाळा रविवारी जळून खाक झाली. सोमवारी सकाळीच त्यांनी समोरच्या मैदानात सतरंजी अंथरली. नऊच मुलं आली. कडा करपलेला अमेरिकेचा नकाशा उलगडून त्यांनी शिकागोवर बोट ठेवलं. “इथं आधी दलदल होती. चार झोपड्यांचं गाव झालं, गावाचं शहर झालं. मग मोठी आग लागली, हजारो घरं गेली.” “मग लोक पळाले काय, दीदी?” एका मुलीनं विचारलं. “काही पळाले. बाकीच्यांनी राख गरम असतानाच पाया खणायला घेतला. आज तिथं शंभर मजली इमारती आहेत.” तेवढ्यात, कालच मुलीला शाळेतून काढतो म्हणालेला तिचा गवंडी बाप मागे उभा दिसला. ताई थांबल्या. “काहून थांबल्या, ताई?” तो म्हणाला. “तुम्ही शिकवा. मी थापी घेऊन येतो.”