टॉर्टिया शेवटी

तव्यावरून उतरलेली तिसरी टॉर्टिया, मक्याची पोळी, थेट रामिरोच्या ताटात पडली. आधीच्या दोन तिथे न मोडता तशाच पडून होत्या.

येसेनियाने नवऱ्याकडे पाहिलं. तो हात मांडीवर ठेवून बसला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत. लरेडो शहरातल्या या घरात रविवारी चर्चहून आलं की सासूबाई एलोईसा तव्याशी उभ्या राहायच्या आणि सगळ्यांचं होईपर्यंत बसायच्या नाहीत. ताटात टॉर्टिया आली की ती गरम असतानाच मोडायची. गार होऊ देणं म्हणजे करणारीचा अपमान. साक्षात बिशप जेवायला आले असते तरी त्यांची यातून सुटका नव्हती.

"खा की रे," एलोईसा पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"खातो, आई. शेवटी खातो."

"शेवटी? शेवटी माणूस हात धुतो."

येसेनियाला गप्प बसवेना. "आई, मधुमेह अगदी दाराशी आलाय त्याच्या. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, आधी भाजी आणि घेवडा, मग मटण, टॉर्टिया शेवटी आणि एकच. गेल्या रविवारी इथून जेवून आला, तर दोन तासांनी साखर एकशे ब्याऐंशी. मंगळवारी पुन्हा तपासणी आहे."

"माझ्या घरात मी वाढते. दवाखान्यातली बाई नाही."

चौथी टॉर्टिया पडली. रामिरोचा हात मांडीवरून उठला. येसेनियाने टेबलाखाली त्याचं मनगट घट्ट धरलं, आणि नको तिथे तिची नजर गेली. समोर सासरे अन्सेल्मो बसले होते. त्यांच्या विजारीचा उजवा पाय गुडघ्याखाली दुमडून पिनेने टाचलेला होता. साखरेने नेला होता तो पाय, दोन वर्षांपूर्वी.

एलोईसांनी वळून नेमकी ती नजर पकडली.

"म्हणजे ह्यांचा पाय माझ्या टॉर्टियांनी खाल्ला. असंच ना? बोल की."

असं काही आपल्या मनात नव्हतं, असं येसेनियाला म्हणायचं होतं. पण ते खरं नव्हतं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तव्यावरची टॉर्टिया करपायला लागली तरी कुणी हललं नाही.

"पाय माझा होता, एलोईसा," अन्सेल्मो म्हणाले. "तोंडही माझंच होतं. तू सहा वाढायचीस, मी सातवी मागायचो."

एलोईसांनी गॅस बंद केला. रामिरोच्या ताटातल्या चारही टॉर्टिया उचलून फडक्यात गुंडाळल्या. मग निवडुंगाच्या कोवळ्या पानांच्या भाजीचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला आणि नवऱ्याशेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"भाजी गार होतेय," त्या म्हणाल्या.